फळीवरची बॉबिनची डबी

कल्पना करा हं, तुमचे बाबा शिंपी आहेत. सकाळी मशीनवर बसले की जेवायच्या वेळेपर्यंत बूड हलत नाही. मग उठताना एक हात कमरेवर, एक भिंतीवर, आणि तोंडात "आई गं".

पिटुकलीचे बाबा अगदी असेच होते. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना तपासलं आणि म्हणाल्या, "काका, बसून बसून तुमचे कुल्ले झोपी गेलेत. त्यांचं काम बिचारी कंबर करतेय. रोज उताणं झोपून, गुडघे दुमडून, कुल्ले आवळत कंबर उचला. आणि दिवसभर अधूनमधून हात न टेकता उठा-बसा."

"गिऱ्हाइकांसमोर उठाबशा? शाळेत काय कमी काढल्या?" बाबा म्हणाले.

मग आईने युक्ती केली. खालचा दोरा गुंडाळलेल्या बॉबिनची डबी समोरच्या फळीवर ठेवली. खालचा दोरा संपला की बाबांनी उठायचं, फळीपाशी उठाबशा काढायच्या, मगच नवी बॉबिन घ्यायची.

पण पिटुकलीला नाटकासाठी झालरीचा झगा हवा होता. बाबा सारखे उठले तर तो व्हायचा कधी? आईची पाठ वळली की ती गुपचूप बॉबिन आणून द्यायची. "बसा तुम्ही. मी आहे ना."

"गुणाची पोर माझी," बाबा म्हणायचे.

झगा झाला. तो खुंटीला लावायला बाबा उठले आणि अर्ध्यातच वाकडे होऊन अडकले. आईने त्यांना कसंबसं चटईवर निजवलं.

"एवढ्या उठाबशा काढूनसुद्धा?" आई म्हणाली.

"काडीचा फरक नाही त्या व्यायामाने," बाबा पुटपुटले. "आता बंद."

त्यांनी पिटुकलीकडे एकदा पाहिलं, पण तिचं नाव घेतलं नाही. ते तिला फार लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नाटकात टाळ्या पडल्या, तेव्हा पहिल्या रांगेत आईशेजारची खुर्ची रिकामी होती, आणि झालर तिला नुसती टोचत होती.

कळ ओसरल्यावर बाबा पुन्हा मशीनवर बसले. खालचा दोरा संपला. सवयीने त्यांनी हात पुढे केला.

पिटुकलीने बाबांना द्यायला खिशात ठेवलेल्या बॉबिन काढल्या आणि फळीवरच्या डबीत परत ठेवल्या. मग आईला हाक मारून सगळं सांगून टाकलं, आणि फळीपाशी उभी राहून म्हणाली, "उठा बाबा. मीपण काढते."