माझ्यामागं बघणं

निकिताला इंग्लंडला जायचं होतं आणि तिच्या वाटेत दोन-दोन शब्दांच्या जोड्या आडव्या उभ्या होत्या. गिव्ह अप, पुट ऑफ, टेक ओव्हर. सुटा शब्द घ्यावा तर शाळेतल्या पोरालाही कळेल असा, आणि जोडी जमली की अर्थ भलतीकडेच. नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून तिने नाही नाही ते पाहिलं होतं आणि ती डगमगली नव्हती. या जोड्यांनी मात्र तिला टेकीला आणलं. तिकडे नोकरी हवी तर आधी इंग्रजी बोलण्याची परीक्षा, म्हणून ती सुट्टी टाकून जामखेडजवळच्या वस्तीवर आईकडे आली होती आणि दिवसभर पाठांतर करत होती.

आईला, छबूबाईला, या सगळ्याचं कौतुक होतं आणि धास्तीही होती. कौतुक ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, धास्ती गिळून टाकायची. त्या धास्तीचं नाव अंगद.

अंगद हा निकिताचा थोरला भाऊ. अंगाने वाढला, दाढी आली, कानशिलावरचे केसही पिकायला लागले, पण समज लहान पोराएवढीच राहिली. शेळ्या चारायचा, सांगितलं तर सरपण आणायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची एकच खोड होती. समोर बसून कुणी बघितल्याशिवाय तो जेवत नसे, आणि कुणी म्हणजे आईच. छबूबाई जरा उठून गेली की हा ताटावर हात ठेवून बसायचा. भाकरी वाळून कडक झाली तरी तुकडा मोडायचा नाही. वडिलांनी रागावून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. शेवटी वडील गेले आणि खोड राहिली. त्या खोडीपायी छबूबाई कुठल्या लग्नाला मुक्कामी गेली नाही की माहेरी राहिली नाही.

आता तिच्या काळजाची झडप खराब झाली होती. निकितानेच तिला नगरला नेऊन दाखवलं होतं. वय आणि साखर बघून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं, गोळ्या दिल्या. पुढे काय होणार हे मुलीला ठाऊक होतं, आणि आपल्या मुलीला ते ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होतं. दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

त्या दुपारी छबूबाई दारात तूर पाखडत होती. निकिता भिंतीला टेकून एकच जोडी घोकत होती.

“ह्यो कंचा?” छबूबाईने विचारलं.

“लुक आफ्टर. म्हंजे सांभाळनं.”

“लुक म्हंजे?”

“बघनं.”

“आन आफ्टर?”

निकिताने जरा विचार केला. “नंतर. मागनं. पन असं तोडायचं न्हाई, आई. क्लासचं सर म्हनत्यात, दोनी शब्द एका दमात. मधी श्वास बी घ्यायचा न्हाई.”

पण छबूबाईने तोडायचं ते तोडलं होतं. नंतर बघणं. मागं बघणं. सुपातली तूर तशीच राहिली. हा शब्द परका कुठला, तो तर या घरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होता. सासू जाताना म्हणाली होती, माझ्यामागं म्हाताऱ्याकडं बघ. नवरा जाताना म्हणाला, माझ्यामागं अंगदकडं बघ. इंग्रजांनी ही जोडी बांधली तेव्हा त्यांच्यातलंही कुणी असंच अंथरुणावरून बोललं असणार, अशी तिची खात्री झाली. व्याकरणवाल्यांनी खुशाल नाक मुरडावं.

संध्याकाळी क्लासच्या सरांचा फोन आला. ते रोज परीक्षेसारखे प्रश्न विचारून सराव घेत. वस्तीवर रेंज फक्त लिंबाखाली मिळायची, म्हणून निकिता मोबाईल पाण्याच्या टाकीवर ठेवून, आवाज मोठा करून बोलायची. छबूबाई शेळ्यांना पाला टाकत ऐकत होती. इंग्रजीचा नुसता गलका चालला होता. मग त्यातून अंगदचं नाव आलं आणि पाठोपाठ तो शब्द.

“माय मदर लुक्स आफ्टर हिम,” निकिता म्हणाली.

“व्हेरी गुड,” सर म्हणाले. “अगदी बरोबर वाक्य.”

छबूबाईने हातातला पाला खाली ठेवला. मदर तिला कळत होतं. आफ्टर दुपारीच कळलं होतं.

फोन संपल्यावर ती लिंबाखाली आली. “सरांनी काय इचारलं?”

“घरात कुनाला सांभाळावं लागतं, आन कोन सांभाळतं.”

“आन तू मदर म्हनलीस. मदर म्हंजे मीच ना?”

“व्हय.”

“मंग माझ्यामागं मीच बघनार व्हय गं त्याच्याकडं?”

निकिता समजावायला गेली, की या शब्दाचा तसा अर्थ नाही. तोंड उघडलं आणि तिला ते पुढे रेटवेना. मग तिला राग आला, जसा खरं ऐकल्यावर माणसाला येतो.

“मंग काय करू मी? जाऊ नको?”

“मी जाऊ नको म्हनले का?” छबूबाई म्हणाली. “मी इचारलं.”

दुसरा दिवस दोघींनी मुक्याने काढला. कामं होत होती, चहा दिला-घेतला जात होता. छबूबाईला वाटत होतं, आजवर गिळलं ते आणखी थोडं गिळायला काय झालं होतं? पोरगी एवढी शिकली, आता कुठं उडायला निघाली, आणि आपण तिच्या पायाला दोरी बांधतो. लगेच दुसरं मन उसळायचं. उत्तर काहीही असो, ते आपल्या कानाने ऐकून तरी जावं. मागं कोण काय बोललं हे मेलेल्याला कोण येऊन सांगणार होतं?

दुपारी निकिता पुस्तक घरात टाकून बांधावर अंगदजवळ जाऊन बसली. तो तिला कुठली शेळी गाभण आहे ते बोटाने दाखवत होता. छबूबाईला लांबून दोघांच्या पाठी दिसत होत्या. ऊन उतरेपर्यंत ती पोरगी तिथून हलली नाही.

संध्याकाळी फोन आला. सरांनी कालचाच प्रश्न घोटून घ्यायचं ठरवलं होतं.

“माय मदर लुक्स,” निकिता म्हणाली आणि थांबली. मग आईकडे बघत पुन्हा म्हणाली, “आय लुक.” तिने भर जोडीत श्वास घेतला. “आफ्टर.”

“अहो, मध्ये तुटलं,” सर म्हणाले. “आणि वाक्यही अर्धवट राहिलं. लुक आफ्टर कुणाला?”

“आफ्टर माय मदर.”

“चुकलं. भावाबद्दल विचारलंय मी. याचा अर्थ होतो, मी आईला सांभाळते.”

“तो बी अर्थ चालंल, सर,” निकिता म्हणाली, आणि उद्या बोलते सांगून तिने फोन ठेवला.

छबूबाईला सगळं कळलं. आईमागं मी बघते. जे मराठीत दोघींच्या तोंडून निघत नव्हतं ते चुकीच्या इंग्रजीत निघालं होतं. ती टाकीला धरून उभी राहिली.

“तिकडनं यायला किती येळ लागतो?”

“इमानानं एक दिस.”

“मंग मी हाय तंवर जा. माझ्यामागं ये.”

“येईन,” निकिता म्हणाली.

“सुट्टीवर न्हाई. ऱ्हायला.”

निकिताने त्या शब्दाला वेळ दिला, आणि हेच छबूबाईला बरं वाटलं. पटकन दिलेल्या होकारावर तिने विश्वास ठेवला नसता.

“ऱ्हायला येईन,” निकिता म्हणाली.

दिवेलागणीला छबूबाईने अंगदचं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर कांदा. मग ती रोजच्या जागी बसली नाही. निकिताला हाताला धरून तिने तिथे बसवलं, आपण बाहेर आली आणि अंगदला दिसणार नाही अशी भिंतीला टेकून बसली.

“आई कुठंय?” आतून अंगदचा आवाज आला.

“हाय. तू जेव, मी बघती.”

मग काही ऐकू येईना. अंगद ताटावर हात ठेवून बसला असणार, हे तिला न बघता दिसत होतं. निकिताने त्याला पुन्हा सांगितलं नाही, चुचकारलं नाही, ती नुसती समोर बसून राहिली. पिठल्यावर साय धरली असेल, भाकरी कडक झाली असेल. छबूबाईला राहवेना. उठावं, जाऊन बसावं, पोराला जेवू द्यावं. तिने भिंतीला हात लावला आणि अर्धवट उठली.

तेवढ्यात आत कडक भाकरी मोडल्याचा आवाज झाला.

छबूबाईला रडू आलं. हेच तर तिला हवं होतं आणि हेच तिला सोसवेना. आत अंगद आणखी पिठलं मागत होता. ती पुन्हा खाली बसली.