पिवळ्या चाकांची खुर्ची

मित्रांनो, शिलाईच्या दुकानात मशीनपाशी एक जुनी चाकांची खुर्ची दिसते ना, ती मी. कारखान्यातून आले तेव्हा मी काळीभोर, चकचकीत होते. माझी चाकं पिवळी कशी झाली, तेच सांगते.

आधी मी दवाखान्याच्या व्यायामखोलीत होते. माझ्यावर दोघं आळीपाळीने बसत. रंगारीकाका इमारत रंगवताना उंचावरून पडले आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मार बसून त्यांचे पाय गेले. शिंपीणमावशी कुठेच पडल्या नव्हत्या. त्यांच्या मज्जारज्जूवर एक गाठ दाबत होती. गाठ काढली, पण पायांत बळ आलं नाही.

"न पडताच पाय गेले? कमाल आहे बुवा!" काका म्हणायचे.

"तुम्ही धाडकन पडलात, मी गुपचूप. आता उठा, माझी पाळी!"

"उठता आलं असतं तर इथे कशाला असतो?" मग दोघंही खो खो हसत.

मावशींना घोर एकच होता, पुन्हा शिवता येईल का? पायमशीन आता चालवता येणार नव्हतं. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी हातमशीन आणून दिलं. कपड्यांच्या दुकानाची मालकीण म्हणाली, "मावशी, एक पांढरा फ्रॉक शिवून दाखवा. जमला तर काम तुमचंच."

फ्रॉक झकास झाला. मालकीण यायची त्या सकाळी काकांनी हौसेने माझी चाकं पिवळी रंगवली आणि जन्माच्या सवयीने 'रंग ओला आहे' ही पाटी भिंतीवर लावली! सगळे भिंतीपासून लांब राहिले. मावशी मात्र माझ्यावर बसल्या, हाताने चाकं फिरवत मशीनपाशी गेल्या आणि त्यांनी फ्रॉक उचलला. घेरावर दोन पिवळे पंजे उमटले!

"अहो, भिंत कोणी रंगवली होती?" मावशी काकांवर ओरडल्या.

काकांचा चेहरा पडला. मावशींचे डोळे भरले, पण क्षणभरच. चिंध्यांच्या गाठोड्यातून त्यांनी पिवळं कापड ओढलं आणि डागांवर दोन मोठे खिसे शिवले.

"फ्रॉकला खिसे!" तेवढ्यात आलेली मालकीण हरखली. "पोरी नाचतील हो! सगळे असेच शिवा."

काकांनी अशी शीळ घातली की ताई दचकल्या!

मावशी घरी निघाल्या तेव्हा दवाखान्याने मला त्यांच्याबरोबर दिलं. आता मावशी रोज माझ्यावर बसून शिलाईच्या दुकानात कामाला जातात आणि माझं एक चाक कुरकुरतं. मित्रांनो, माझ्यासारखी कोणी दिसली तर तिच्या चाकांना तेल घाला, वाटेत सायकली आडव्या लावू नका. आणि माझ्यावर बसलेल्या माणसाला "कसं झालं हो?" असं विचारण्याआधी "कुठे निघालात?" असं विचारा.

मावशींचं उत्तर मला पाठ आहे. "दुकानात! सरका बाजूला, घाई आहे."