घाटाच्या मापाची फळी

मी फळी बोलतेय. घरात डबे मांडायची फळी मी नव्हे. नावेतून माणसं काठावर उतरवायची फळी. ज्या कामासाठी मला केलं, ते काम एका दिवसाचं होतं.

मी कडुलिंबाची. भीमेवर धरण होणार म्हणून काठचं गाव उठलं आणि वर माळावर नवं गाव बसलं. उठताना लोकांनी दारं काढून नेली, चौकटी नेल्या, झाडं तोडून नेली. मी त्यातलीच. शिवयोगी सुताराच्या दारात बरेच दिवस वाळत पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. मला ते आवडत नसे.

मग धरणात पहिल्यांदा पाणी अडवलं. भादव्यात ओढ्यात पाणी चढलं आणि जुन्या गावाची वाट बुडाली. आता तिकडं जायचं तर नावेनं.

त्या गावात रंभाबाईची लेक होती. तान्ही असतानाच गेलेली. एवढ्या लहानग्यांना जाळत नाहीत, पुरतात. नदीच्या घाटाच्या वर त्यांचं शेत होतं, त्या शेताच्या बांधाला तिला पुरलेलं. वर एक दगड. रंभाबाई दरसाल त्या दगडावर दूध घालायची. गाव उठलं तेव्हा ती पडून होती. कंबरेखाली पाय गेलेले. तिला बैलगाडीत घालून माळावर आणलं. लेकीचा निरोप घ्यायचा राहिला. पाणी बांधाला लागायच्या आत एकदा तिथं जाऊन दूध घालायचं, एवढंच तिचं मागणं.

तिचा दीर आप्पा नाव चालवायचा. त्यानं मनावर घेतलं. बातमी कळली तसे आणखी दोघं आले. मायाप्पा धनगर, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्याला आपल्या बिरोबाच्या पाया पडायचं होतं. आणि महिपती, दमेकरी. त्याला घाटावर नुसतं बसायचं होतं.

शिवयोगीच्या दारात, माझ्यावरच बसून त्यांनी बेत केला.

"मायाप्पा, तुला काय बघायचंय तितं?" महिपतीनं डिवचलं.

"तुमाला डोळं व्हतं, तवा तुमी तरी काय वाचीवलं गावाचं?" मायाप्पा म्हणाला. महिपतीला खोकला आला की हसू, कळलं नाही.

आप्पानं सगळ्याचा विचार केला, हे मी मान्य करते. महिपतीला चढ नको, म्हणून तो घाटावरच सावलीला थांबणार. मायाप्पाच्या हातात दोरीचं टोक द्यायचं, दुसरं टोक धरून मानसिंग पुढं चालणार. मानसिंग म्हणजे रंभाबाईचा जावई, थोरल्या लेकीचा नवरा. अंगानं दांडगा, सासूला मान देणारा. ऊन चढायच्या आत निघायचं. नावेत गवत अंथरायचं. रंभाबाईला सगळ्यांत आधी उतरवायचं, कारण तिला वेळ लागणार.

ती कशी उतरणार, हा खरा घोर होता. जावयाकडून सेवा घ्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्यानं सासूला उचलणं तर दूरच. आप्पाच्या कमरेत जोर उरला नव्हता. तेव्हा ठरलं, रंभाबाईला पाटावर बसवायचं, पाटाला दोरी बांधायची आणि फळीवरून ओढून घ्यायचं. दोरी जावयानं धरली तर चालतं. हात लागत नाही.

"फळी किती लांब करू?" शिवयोगीनं विचारलं.

"नावंपसनं घाटाच्या वरच्या पायरीवर टेकंल येवढी," आप्पा म्हणाला.

"येकदा बघून यायचं का?"

"आपल्या घाटाला बघायला जायचं व्हय? जलम गेला तितं. कसलाबी पूर यिऊ दे, वरची पायरी कदी बुडली न्हाय."

महिपतीनं मान हलवली. मायाप्पानंही. त्याच मापानं मला कापलं, तासलं, कडा गोल केल्या.

ठरल्या दिवशी निघालो. रंभाबाईच्या मांडीवर दुधाचा तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मायाप्पा वास घेत सांगत होता, "आता बाभळबन आलं बगा." बाभळबन पाण्याखाली होतं. त्याला कुणी सांगितलं नाही.

घाट दिसला नाही.

आप्पानं वल्हं खाली घातलं. ते दगडाला लागलं. वरची पायरी नावेच्या बुडाखाली होती. पूर येतो आणि उतरतो. हे अडवलेलं पाणी होतं, ते उतरायला आलं नव्हतं. नाव तशीच शेतात शिरली आणि चिखलात रुतली. बांध समोर होता. दगडही दिसत होता. मधे नुसता काळ्या रानाचा चिखल.

मला टाकलं. मी पुरले नाही. माझं टोक पाण्यात बुडालं आणि पलीकडची कोरडी जमीन लांबच राहिली.

मानसिंगनं खाली उडी मारली. मांडीपर्यंत रुतला. तसाच वळून म्हणाला, "मामी, पाठीवर बसा. मी नेतो."

"नगं पाव्हणं."

"हितं कोण बघतंय? रीत ऱ्हाऊ द्या की आजच्या दिस."

"लेकीपुढं जायचं आन रीत सोडून जायचं?" रंभाबाई म्हणाली. "तिला काय शिकवू मी?"

मायाप्पा उठून उभा राहिला. "आक्का, माज्या खांद्यावर बस. तुझं डोळं, माजं पाय."

"गप बस खाली," आप्पा ओरडला. "ती गोष्टीतली गम्मत हाय. हितं दोगंबी जाशीला." मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "वैनी, माजं चुकलं. बघून यायला पायजे व्हतं."

"भावजी, मला फळीच्या टोकापतोर न्या."

मानसिंगनं चिखलात उभं राहून दोरी ओढली. पाट माझ्या अंगावरून घसरत गेला. तिचं ओझं नव्हतंच. पाणी लागलं तिथं ती थांबली. दगडाकडं पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तांब्याचं फडकं सोडलं आणि दूध पाण्यात ओतलं.

"ह्ये पानी जाणारच हाय तितं," ती म्हणाली. "त्येच्यासंगं जाऊ दे."

मानसिंगनं तोंड फिरवलं.

आप्पानं मायाप्पाला विचारलं, बिरोबाकडं न्यायचं का. मायाप्पा म्हणाला, "आक्का उतरली न्हाय. मी न्हाय उतरत." महिपतीनं परत चला म्हणून हात केला. दिवसभराचा बेत होता. उन्हं कोवळी असतानाच आम्ही माघारी आलो.

शिवयोगीनं मला घरी नेलं आणि पुढं एक तुकडा जोडला. चांगला जोडला, सांधा हाताला लागत नाही. पुन्हा नाव काढायची, असं आप्पाचं ठरलं. पण सांधा पक्का होईतो बांध बुडाला. दिवाळीआधी रंभाबाईही गेली.

आता मी नवीन गावात आप्पाच्या भिंतीला उभी आहे. कुणाचे पाय गेले असतील, डोळे गेले असतील, तर त्यांना न्या, जरूर न्या. पण आधी स्वतः जाऊन काठ बघून या. आठवणीवरून माप घेऊ नका. आठवणीत पाणी चढत नाही.

माझ्या जुन्या अंगावर पाटाचे ओरखडे आहेत. जोडलेला तुकडा कोरा आहे. त्यावरून अजून कुणी उतरलेलं नाही.