थ्रिंगसाहेबांचा न्हावी

"टोपी काढ ना गं. तुझ्या टोपीमागून पडद्यावरचा तुझा बाप कसा दिसणार मला?" एफी मागून कुजबुजली.

मी टोपी मांडीवर घेतली. वर्गातल्या सहाजणींना मीच ओढून आणलं होतं. आमच्या माडीवर दोन वर्षं भाड्याने राहिलेल्या थ्रिंगसाहेबांनी हेरांची कादंबरी लिहिली, तिच्यावर सिनेमा निघाला आणि त्यातला न्हावी म्हणजे थेट माझे पापा! महिनाभर शाळेत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. कादंबरी मात्र आम्ही कोणी वाचलेली नव्हती. साहेब पाठवणार होते, राहूनच गेलं.

पापा शेजारी चर्चचा कोट घालून ताठ बसले होते. हॅम्बर्ग सोडून त्यांना पंचवीस वर्षं झाली, पण चॅटमच्या या इंग्रजी आरमारी बंदरात ते अजून 'जर्मन न्हावी'च.

पडद्यावर दुकान आलं, अगदी आमचंच. न्हाव्याने खलाशाची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली, हुबेहूब पापा वळवतात तशी.

"बघ, हे मीच सांगितलं होतं साहेबांना," मी एफीला म्हटलं.

मूकपटच तो; मग पडद्यावर संवादाची अक्षरं उमटली. मागच्या रांगेतल्या कोणीतरी ती मोठ्यांदा वाचली, "बोल गड्या, तुझं जहाज कधी सुटतंय?"

न्हावी दाढी करता करता खलाशांना बोलतं करी आणि आतल्या खोलीत जाऊन जर्मनीच्या कैसरसाठी सगळं लिहून ठेवी. शेवटी त्याला बेड्या पडल्या, तेव्हा अख्खं थिएटर टाळ्या पिटत होतं. एफी माझ्याकडे बघेना.

घरी येताना मी म्हटलं, "पापा, तुमचा हात किती हलका आहे, एवढंच सांगितलं होतं मी."

"ठाऊक आहे." ते म्हणाले, "रोज सकाळी दाढी करायचो त्या थ्रिंगची. डोळे मिटून पडायचा लेकाचा. मला वाटायचं, झोपलाय."

दुसऱ्या दिवशी शनिवार. एरवी दुकानात बाकावर जागा नसते. आज गॅडकाका एकटेच आले. दोर वळणारे गॅडकाका माझ्या जन्माआधीपासूनचं गिऱ्हाईक. पापांनी गरम टॉवेल पिळला, साबणाचा फेस केला.

"आज नुसते केस, एवाल्ड," काका आरशात न बघता म्हणाले. "दाढी... बायको म्हणते, वाढवून बघा."

"शोभेल तुम्हाला," पापा म्हणाले आणि त्यांनी वस्तरा मिटून ठेवला.

मानेवरची लव खरं तर वस्तऱ्यानेच काढायची असते. पापांनी ती कात्रीने काढली, एकेक केस करून, गॅडकाकांचे खांदे सैल पडेपर्यंत.