एक पाकीट, एक हरकत

कामगार खात्यातल्या आवक कारकुनाला सगळी कचेरी शिक्केराव म्हणायची. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता, आणि आलेल्या एकाही कागदाबद्दल त्याने मत बनवलं नव्हतं. दोन्हीचा त्याला सारखाच अभिमान.

यंदा मात्र एक कागद घरापर्यंत पोचला. दुकानांत उभ्याने काम करणाऱ्यांना बसायला स्टूल द्यावे, असा नियमाचा मसुदा खात्याने काढला आणि महिन्याभरात हरकती-सूचना मागवल्या. शिक्केरावची थोरली बहीण कापडाच्या मोठ्या दुकानात रोज दहा तास काउंटरमागे उभी असायची. घरी आली की चपला काढायला तिला भिंतीचा आधार लागायचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: दिवसातून थोडंतरी बसा, नाहीतर वर्षभरात नोकरी सोडावी लागेल.

"आम्ही सगळ्याजणी लिहितोय रे, छोट्या," ताई जेवताना म्हणाली. छोट्या एक्कावन्न वर्षांचा होता. "एकच पत्र द्यावं, की प्रत्येकीचं वेगळं?"

शिक्केरावचं लक्ष ताटात होतं. "एकच द्या. गठ्ठा जाड असला की वजन पडतं."

झालं. सुट्टीच्या दिवशी ताई सुजलेले पाय घेऊन दुकानादुकानांत काम करणाऱ्या बायकांच्या घरोघर सह्या गोळा करत हिंडू लागली.

तिसऱ्या आठवड्यात दुकानमालक संघटनेचे चिटणीस कचेरीत आले. मागे हमाल, हमालाच्या खांद्यावर खोकं.

"मोजून घ्या शिक्केराव, तीनशे शहाऐंशी पाकिटं. एक जरी कमी भरलं तरी चहा माझ्याकडून."

"आणि बरोबर भरली तर?"

"तर तुमच्याकडून."

चहा शिक्केरावलाच पाजावा लागला. प्रत्येक पत्रात एकच मागणी होती: 'स्टूल द्यावे' याऐवजी 'शक्य असेल तेथे स्टूल द्यावे' असे करावे. खालचं नाव तेवढं निराळं. दुसऱ्या ओळीतला स्वल्पविराम चुकला होता, आणि तो तीनशे शहाऐंशी वेळा इमानाने चुकला होता.

खात्याची रीत जुनी. एक पाकीट, एक नोंद, आणि शेवटी मोजायच्या त्या नोंदीच. आत किती जण बोलतायत हे आवक विभागाने बघायचं नाही. चिटणिसांना ही रीत तोंडपाठ होती, संघटना त्यांना पगार त्याचाच द्यायची. शिक्केरावला तर ती झोपेतही पाठ होती. फक्त त्या दिवशी, ताटावर, आठवली नव्हती. आता शिक्का हवेतच थांबला.

मुदत संपायला चार दिवस होते. ताईला सांगता आलं असतं. पण सरकारी माणसाने एका बाजूला सल्ला देणं बरं दिसत नाही, असं त्याने स्वतःला पटवलं. गठ्ठ्याचा सल्ला देताना हा विचार कुठे गेला होता, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी ताई आली. दोरीने बांधलेला गठ्ठा तिने टेबलावर ठेवला तेव्हा दौत हलली.

"अकराशे चाळीस सह्या! मार शिक्का."

कचेरीत पाहुण्यांसाठी खुर्ची एकच, आणि तिच्यावर चिटणीस. ते लगेच उठले. माणूस वाईट नव्हता. "बसा ना, ताई."

"नको हो. दुकानात परत जायचंय. सवय मोडायला नको."

शिक्केरावने शिक्का मारला. नोंद क्रमांक तीनशे सत्त्याऐंशी.

त्या संध्याकाळी त्याने सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. नोंदींच्या तक्त्यातला शेऱ्याचा रकाना भरला: '३८६ पत्रांचा मजकूर एकच. एका पत्रावर ११४० सह्या.'

तक्ता वाचून साहेबांनी चष्मा वर सरकवला. "मजकूर एकच म्हणजे काय, शिक्केराव? म्हणजे एकमत!"

"आणि सह्या, साहेब?"

"पत्र एकच ना?"

लाल पेनाने शेरा खोडला गेला. दोन महिन्यांनी नियम आला, 'शक्य असेल तेथे' घेऊन. ताईच्या मॅनेजरने टेप लावून काउंटरमागची जागा मोजली. स्टुलाला चार बोटं कमी पडली. शक्य नव्हतं.

ताई गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. शिक्केराव बराच वेळ दारात घुटमळला. मग समोर येऊन बसला आणि सगळं सांगितलं: रीत, पाकिटं, ताटावरचा सल्ला, ते चार दिवस.



"सल्ल्याचं सोड. ताटावर माणूस काहीही बोलतो," ती म्हणाली. "चार दिवस तू काय करत होतास?"

पाणी निवलं होतं, म्हणून तो आतून गरम पाणी घेऊन आला आणि हळूच घमेल्यात ओतलं.

"पुन्हा कधी मागवतात हे हरकती-बिरकती?"

"नियम बदलायला निघाला की. सहा-सात वर्षांनी."

"पाकिटं आणून ठेव," ताई म्हणाली. "अकराशे चाळीस. आणि ह्या वेळी पत्ते तू लिही."