तिसरी

"पेशंटची बायको कोण?" केसपेपरवरची नजर न काढता डॉक्टर बिवलकरांनी विचारलं.

"मी," पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली रंगुबाई म्हणाली. ट्रॉली घेऊन आलेल्या मनुबाईनं मान खाली घातली. पलंगावरच्या केरबानं डोळे मिटून घेतले.

सांगलीच्या त्या इस्पितळात मनुबाई चौदा वर्षं आया होती. नवरा मिलिटरीत लांब आहे, एवढंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. नोकरी लागली तेव्हा ते खरंही होतं. तो नवरा म्हणजे हाच केरबा; चौदा वर्षांपूर्वी पलटणीतून सुट्टीवर कडेगावला घरी आला, तो रंगुबाईला बरोबर घेऊनच. पहिलीला मूल होत नाही, हे कारण त्यानं चावडीत चार माणसांसमोर सांगितलं. मनुबाई त्याच आठवड्यात गाठोडं काखेला मारून एसटीत बसली. त्यानंतर तिनं त्याला पाहिलं ते आत्ता, चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात. लघवीतून रक्त जात होतं, दुखत मात्र काहीच नव्हतं.

शिरेत औषध टोचून पोटाच्या एक्स-रे फिल्मा काढल्या. उजवं मूत्रपिंड एका अंगानं फुगलेलं दिसलं. डॉक्टर पलंगाशी उभे राहून शिकाऊ पोरांना इंग्रजीत समजावू लागले. मनुबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यातले ‘स्टेज’चे चार आकडे तिला पुरते ठाऊक होते, कारण आकडा पडल्यावर माणसाचं पुढं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. एक म्हटलं, की कॅन्सरची गाठ मूत्रपिंडाच्या आतच. तो माणूस टाके काढून घरी जायचा आणि पुढं कितीतरी वर्षं तपासणीला येताना भेटायचा. दोन म्हटलं, की रोग भोवतीच्या चरबीत उतरलेला. तरी डॉक्टर त्या माणसाशी मोकळं बोलायचे. तीन म्हटलं, की तो मोठ्या शिरेत नाहीतर तिच्या कडेच्या गाठींत शिरलेला. मग डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलवायचे. आणि चार म्हणजे फुप्फुसात, हाडात. चारवाल्याला बहुतेक ऑपरेशनची तारीखच मिळायची नाही.

केरबाच्या छातीची फिल्म साफ आली. म्हणजे चार नव्हती. बाकीचं पोट उघडल्यावर कळणार होतं. मनुबाईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

ऑपरेशनच्या दिवशी तिनंच त्याला आत नेलं. तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि रंगुबाईला म्हणाले की मूत्रपिंड काढलं, पण रोग शिरेत पोचला होता, गाठीही सुजल्या होत्या; दिसल्या तेवढ्या काढल्या. रंगुबाई मान डोलवत राहिली. तिला काही उमगलं नाही हे डॉक्टरांनाही दिसलं. "मनुबाई, हिला तुमच्या भाषेत सांगा," ते म्हणाले. "पेशंटला मात्र काही बोलू नका."

सवतीला जिन्याच्या पायरीवर बसवून मनुबाईनं सगळं सांगितलं.

"किती दीस?" रंगुबाईनं विचारलं.

"वरीस, दीड वरीस. तेवढं बी न्हाई मिळायचं कदाचित."

रंगुबाई तिचा हात धरून रडली. ही कोण, ते तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मनुबाईनं हात सोडवून घेतला नाही आणि दाबलाही नाही.

आठव्या दिवशी रंगुबाई धुणं धुवायला गेली होती. मनुबाई केरबाचं अंग पुसत होती.

"मनू," तो म्हणाला, "डाक्तर स्टेज, स्टेज म्हनत्यात, ती माजी कितवी हाय?"

तिनं फडकं पिळलं. कुठल्याच पेशंटला तिनं हे आजवर सांगितलं नव्हतं. "तिसरी."

त्यानं बोटांवर महिने मोजले. "दीड वरसामागं पयलं रगत पडलं. तवाच आलो आसतो तर?"

"तवा पयली आसंल. लय तर दुसरी."

"गावच्या डाक्तरनं तवाच हितली चिठ्ठी दिलती. दीड वरीस खिशात घिऊन हिंडलो. मुतखडा म्हून झाडपाला खाल्ला. हितं तू हायस, ठावं हुतं. तुज्याम्होरं यायला त्वांड न्हवतं."

तिनं फडकं परत बादलीत बुडवलं. चौदा वर्षांत या माणसानं एक कार्ड टाकलं नव्हतं. आता मरायला निघाला, तर तेही तिच्याच नावावर लावत होता.

"तवा आला आसता तरी मी ट्रॉलीच वडली आसती तुमची," ती म्हणाली. "दुसरं काय केलं आसतं?"

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. टाक्यांना धक्का न लावता तिनं त्याची पाठ पुसली, अंगात सदरा घातला आणि बादली उचलली.

आषाढात तो तपासणीला आला, तेव्हा छातीच्या फिल्ममध्ये गोल डाग होते. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं.

मार्गशीर्षात एका दुपारी रंगुबाई एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. परवा तेरावा झाला, म्हणाली. तुमास्नी सांगाय कुणी येईना, म्हून मीच आले. लय तरास झाला का, मनुबाईनं विचारलं. खोकल्यातून रक्त पडायचं, शेवटी शेवटी झोपताही येत नव्हतं, बसूनच गेले, असं रंगुबाईनं सांगितलं. मनुबाईनं तिला कँटीनमधून चहा आणून दिला. चहा पिताना रंगुबाईची नजर एकदा मनुबाईच्या कुंकवावर गेली. पाचच्या एसटीनं ती परत गेली.

मनुबाई मोरीत गेली आणि नळाखाली तोंड धुऊन आली.

"मनुबाई, आज कुंकू कुठं गेलं तुमचं?" वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं.

"घामानं गेलं आसंल, सिस्टर."

सिस्टरच्या अंगात स्वेटर होता. ती पुढं काही विचारणार, तोवर मनुबाई बारा नंबरच्या म्हातारीला एका कुशीवर वळवून तिच्या अंगाखालची ओली चादर काढू लागली होती.