चादरीआडची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. स्वभावाने जरा मानी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानाचे मालक, म्हणजे घरातले बाबा. त्यांनी स्वतः फळ्या कापल्या, आत थरथरून आवाज काढणारा कागदी पडदा बसवला आणि समोर तपकिरी कापड ताणलं. घरी आणून मला पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा शेजारीपाजारी दाराशी येऊन उभे राहिले. बाबांची छाती फुगली. खोटं कशाला बोलू, माझीही फुगली.

पुढे माझं कौतुक ओसरलं. आईंनी माझ्या डोक्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली. तिचं पाणी आत झिरपायचं, कापडावर धूळ साचायची. बाबा रोज गाणी ऐकायचे, पण माझा आवाज घोगरा होत चाललाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका रविवारी दुपारी मुलगी आणि जावईबापू नवाकोरा, सडपातळ स्पीकर घेऊन आले.

जावईबापू म्हणाले, "बाबा, एका खोलीत दोन कशाला? चादरीआडून दोन्ही वाजवतो. हरेल तो भंगारात."

"लावा पैज," बाबा हसले. "माझ्या स्पीकरचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन."

जावईबापूंनी भंगारवाल्याला आधीच बोलावलेलं होतं. तो जिन्यात उभा होता.

एका गायिकेचं एकच गाणं आधी माझ्यावर वाजलं, मग नव्यावर. आई म्हणाल्या, "दुसरा." मुलगी चादरीकडे कान लावून बसली होती. बाबांनी डोळे मिटूनच बोट वर केलं. "दुसराच! हाच माझा!"

चादर काढली. दुसरा नवा होता.

कुणी हसलं नाही. बाबांचे कान लाल झाले. माझ्याकडे न बघता ते भंगारवाल्याला म्हणाले, "न्या." त्याने मला दोरीने बांधलं. भंगारात जायचं दुःख होतंच, पण ज्यांनी घडवलं त्यांनीच ओळखलं नाही, हे मला फार लागलं.

मी उंबऱ्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात मुलगी उठली. ती कान तपासायच्या दवाखान्यात कामाला आहे.

"थांबा हो जरा. अहो, तुमचा नवा स्पीकर मोठ्याने लागला होता."

"एवढासा तर फरक होता!" जावईबापू म्हणाले.

"तेवढा पुरतो. जरा मोठ्याने वाजलं की माणसाला तेच चांगलं वाटतं. आधी दोन्ही सारखे करू."

तिने बाबांच्या खुर्चीवर मोबाइल ठेवून दोघांचा आवाज मोजला आणि सारखा केला. कोण आधी वाजणार, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

माझी दोरी सोडली, पुन्हा चादर लागली. या वेळी बाबा हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसले होते. मीही घाबरलो होतो. वरच्या सुरात घसा फाटला तर? होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी गायलो. बाबांनी "परत लाव" म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. भंगारवालासुद्धा दारातून आत डोकावून ऐकत होता.

"माझा कुठला ते नाही सांगत," बाबा शेवटी म्हणाले. "एकदा तोंडघशी पडलो तेवढं बास. पण पहिल्यात बाई समोर बसून गातेय असं वाटतं. तिच्या घशाला काहीतरी झालंय. तरी पहिलाच."

चादर काढली. पहिला मी होतो!

बाबा उठून माझ्यापाशी आले. त्यांनी माझी मागची फळी उघडून आत हात घातला. कागदी पडदा ओलीने कुजून कडेला फाटला होता. ती फाटलेली कड ते बोटांनी चाचपत राहिले.

"एवढी वर्षं ऐकत बसलो," ते म्हणाले, "एकदा उघडून बघितलं नाही. आणि आज निघालो परीक्षा घ्यायला."

मित्रांनो, दोघांची तुलना करायची तर आधी दोघांना सारखी संधी द्या. आणि घरात कुणाचा आवाज बसला असेल, तर त्याला दाराबाहेर काढण्याआधी जवळ बसून विचारा, काय झालंय.